लिहायचं आहे, मग वाचायचं कसं?

'वाचक विचारतात' सदरात या वेळी सातारा-सांगली पट्ट्यातून आलेले काही प्रश्न घेतले आहेत. विचारणाऱ्या सगळ्या स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रिया आहेत. कुणी स्वतःला लेस्बियन म्हणतं, कुणी बायसेक्शुअल, कुणी सॅफिक (स्त्रियांच्या एकमेकींवरच्या प्रेमासाठीचा व्यापक शब्द). सगळ्या लिहितात, आणि लिहिणं सुधारावं म्हणून छोटे वाचनगट चालवतात. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न: आम्ही पाचजणी महिन्यातून एका रविवारी भेटतो. कथा वाचून येतो, पण दहा मिनिटांत गाडी घरच्यांवर, लग्नाच्या तगाद्यावर जाते आणि कथा बाजूला राहते. 'कारागिरीसाठी वाचा' असं सगळे सांगतात. म्हणजे नेमकं काय करायचं? (सातारा)

उत्तर: गाडी घसरते ती बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नामुळे. 'कशी वाटली कथा?' असं विचारलं की प्रत्येकजण स्वतःबद्दलच बोलणार. 'ही कथा कोण सांगतंय, आणि सांगणारीला किती ठाऊक आहे?' असं विचारलं तर पुस्तक उघडावंच लागतं. म्हणून गटाचा एकच नियम कडक ठेवा: जे म्हणायचं ते पान आणि ओळ दाखवून. 'खूप तरल आहे' असं कुणी म्हणालं की बाकीच्यांनी हसत विचारायचं, 'कुठल्या पानावर?' त्यासाठी सगळ्यांकडे एकच आवृत्ती हवी. नसेल तर परिच्छेदांना पेन्सिलीने क्रमांक घाला.

मजकूर छोटा निवडा. आठ ते बारा पानांची एक कथा पुरते, कादंबरीच्या नादी पहिलं वर्षभर लागू नका. कथा दोन आठवडे आधी ठरवा आणि तीनदा वाचा. पहिलं वाचन एका बैठकीत, हातात पेन्सिल न घेता. दुसऱ्या वाचनात समासात खुणा: जिथे प्रसंग डोळ्यांसमोर घडतो तिथे 'प्र', जिथे निवेदक चार महिने एका वाक्यात उरकते तिथे 'सा' (सारांश), जिथे काळ पुढे किंवा मागे उडी मारतो तिथे आडवी रेघ, आणि एखादी वस्तू दुसऱ्यांदा दिसली की तिच्याभोवती गोल. तिसऱ्या वाचनात फक्त एक पान निवडून त्यातले दीडशे-दोनशे शब्द हाताने वहीत उतरवायचे. हे शाळकरी वाटतं, पण डोळा ज्या स्वल्पविरामावरून घसरून जातो तिथे हात थांबतो. वाक्य कुठे तुटलंय, क्रियापद कुठे गाळलंय, हे उतरवतानाच कळतं. टाइप करून किंवा फोटो काढून हा फायदा मिळत नाही.

भेटीचे दोन तास असे वाटा: दहा मिनिटं पहिला आणि शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचणं, चाळीस मिनिटं कथेचा नकाशा (समासातल्या खुणा जुळवून), तीस मिनिटं एकच पान, पंचवीस मिनिटं तीच युक्ती वापरून स्वतः लिहिणं आणि उरलेली पंधरा ते वाचून दाखवणं. लिहिण्याची पंचवीस मिनिटं कुठल्याही कारणाने कापू नका. ती गेली की गट रसग्रहण मंडळ होतो, आणि तशी मंडळं आपल्याकडे कमी नाहीत.

एक उदाहरण जवळून पाहू. इस्मत चुगताईंची 'लिहाफ' (म्हणजे रजई) ही उर्दू कथा १९४२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर लाहोरच्या कोर्टात अश्लीलतेचा खटला चालला आणि चुगताई सुटल्या, कारण बोट ठेवावं असा शब्दच कथेत मिळेना. हे जमलं कसं, हा आपला प्रश्न. सांगणारी मोठी झालेली बाई आहे, पण पाहणारी तिच्या लहानपणची मुलगी. वहीत दोन रकाने करा: 'मुलीला काय दिसलं, ऐकू आलं' आणि 'वाचकाला काय कळलं'. पहिल्या रकान्यात फक्त इंद्रियांच्या नोंदी येतील: भिंतीवर हत्तीसारखी हलणारी रजईची सावली, अंधारातले आवाज, नवाबाची बायको बेगमजान हिला मालिश करणारी मोलकरीण रब्बू. दुसऱ्या रकान्यातलं जवळजवळ काहीच कथेत लिहिलेलं नाही, तरी तो रकाना भरतो. आता सावलीभोवतीचे गोल मोजा. ती अगदी सुरुवातीच्या ओळींतच येऊन बसते, म्हणून पुढे नुसता उल्लेख झाला तरी वाचक दचकतो. रब्बू गैरहजर असताना बेगमजान त्या मुलीशी जे वागते ते आज खटकतं, आणि खटकायलाच हवं. त्यावरही बोला, पण तेसुद्धा पान दाखवून: तिथे मुलीच्या नजरेतून काय सांगितलंय आणि मोठी झालेली निवेदक कुठे गप्प राहते?

एक पथ्य आहे. तुम्ही 'लिहाफ' मराठी किंवा हिंदीतून वाचलीत तर वाक्यांच्या लयीवर चर्चा करू नका, ती लय अनुवादकाची असते. दृष्टिकोन, तपशिलांचा क्रम, काय झाकलं आणि काय उघडं ठेवलं, एवढंच अनुवादातून खात्रीने शिकता येतं.

आणि घरच्यांवरच्या गप्पा बंद करायला आम्ही सांगणार नाही. काहीजणींना त्या बोलायला दुसरी जागाच नसते. दोन तास संपल्यावर अर्धा तास चहाचा ठेवा आणि तो भेटीच्या वेळेतच धरा. पुढे आपली वेळ आहे हे माहीत असलं की आधी कथेवर बोलायला कुणाची हरकत नसते.

प्रश्न: गटात किती जणी असाव्यात? (विटा)

उत्तर: चार ते सहा. चर्चेची चाळीस मिनिटं आठजणींत वाटली तर प्रत्येकीला पाचच मिळतात, आणि प्रत्यक्षात दोघी बोलतात, सहाजणी ऐकतात. तिघी असाल तर एक गैरहजर राहिली की भेट बारगळते.

प्रश्न: दोन नायिकांचा प्रसंग लिहिताना 'तिने तिचा हात तिच्या हातात घेतला' असं काहीतरी होऊन बसतं. कोणाचा हात कोणाच्या हातात, मलाच कळत नाही. प्रत्येक वाक्यात नाव घातलं तर हजेरी घेतल्यासारखं वाटतं. (कराड)

उत्तर: हा प्रश्न सगळ्याच गटांत येतो. त्याचं कारण व्याकरणात आहे. स्त्री-पुरुषांच्या प्रसंगात मराठी क्रियापद फुकटात काम करतं. 'उठला', 'वळली' एवढं लिहिलं की कोण ते कळतं, कर्ता गाळला तरी चालतं. दोघी असल्या की 'उठली' आणि 'वळली' दोन्ही स्त्रीलिंगी, क्रियापदाची मदत संपली. म्हणून नेहमीच्या प्रेमकथा वाचून ही गोष्ट शिकता येत नाही, वेगळी शोधावी लागते. उपाय बरेच आहेत, ते मिसळून वापरायचे.

पहिला 'आपला'. कर्त्याची स्वतःची वस्तू असेल तिथे 'तिचा' काढून 'आपला' घाला. 'मंदाने शालनचा हात आपल्या हातात घेतला' यात शंकेला जागा नाही. निम्मा गोंधळ इथेच मिटतो, तरी कच्च्या खर्ड्यांत 'आपला' क्वचित दिसतो.

दुसरा, दृष्टिकोन एकीलाच द्या आणि 'ती' हे सर्वनाम त्या प्रसंगापुरतं तिच्यासाठीच राखून ठेवा. दुसरीला नाव, किंवा नात्याचं, कामाचं संबोधन. प्रसंग मंदाच्या नजरेतून असेल तर 'ती' म्हणजे मंदाच. शालन ही शालनच राहते. प्रसंग बदलला की राखण बदलू शकते, पण मधेच बदलली की वाचक गडबडतो.

तिसरा नावांचा. 'मंदा' आणि 'नंदा' ठेवलीत तर 'मंदाला, नंदाला, मंदाने, नंदाने' अशी मालिका लागते. एक नाव आकारान्त, दुसरं व्यंजनान्त किंवा ईकारान्त घ्या, पहिलं अक्षर वेगळं ठेवा. शालन आणि मंदा, किंवा रेवती आणि सुधा. प्रत्यय लागल्यावरही ही नावं दुरून वेगळी ओळखू येतात.

चौथा वस्तूंचा. एकीच्या हातात कात्री, दुसरीच्या नाकावर चष्मा. 'कात्री थांबली' म्हटलं की नाव न घेता कोण थांबलं ते कळलं, शिवाय प्रसंगाला काहीतरी काम मिळालं. हा उपाय जपून वापरा, पानात दोनदा पुष्कळ झाला.

पाचवा, 'मी' आणि 'तू'. इथे तर मराठीची गंमत आहे. 'मी दार उघडलं, मी चहा ठेवला, मला आठवतं, मी जाईन' यात बोलणाऱ्याचं लिंग दिसत नाही, कारण भूतकाळातलं सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. 'मी उठले', 'मी जाते' म्हटलं की लगेच दिसतं. 'तू चहा केलास' झाकतं, 'तू आलीस' उघड करतं. म्हणजे दोघी आहेत हे वाचकाला कोणत्या वाक्यात कळावं, ते तुमच्या हातात आहे. गटात असा सराव घ्या: दीडशे शब्दांचं पत्र लिहा, पहिले शंभर शब्द दोघींचं लिंग कुठेच दिसू द्यायचं नाही आणि मग एकाच क्रियापदाने उघड करायचं. लपवण्यासाठी लपवलंय असं वाटलं तर सराव फसला. बहुतेक वेळा तो 'माझ्या मनाला वाटतं'सारखी अवघडलेली वाक्यं सलग आल्यामुळे फसतो, तेव्हा अधूनमधून भविष्यकाळ वापरा.

आपल्या भागातली आणखी एक अडचण आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या कित्येक बायका बोलताना 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. संवादात ते तसंच ठेवा, पुसून पुणेरी करू नका. मात्र बाहेरच्या वाचकाला तो पुरुष वाटू नये म्हणून त्याच्या आधी एक 'अगं' किंवा नाव येऊ द्या. निवेदन प्रमाण मराठीत असेल तर निवेदनात 'आले' आणि संवादात 'आलो' ही सीमा शेवटपर्यंत पाळा.

सगळं झालं की तपासणी: प्रसंग दुसरीला पहिल्यांदाच मोठ्याने वाचायला द्या आणि तुम्ही तिच्याकडे बघत बसा. ती जिथे अडखळून मागे जाते तिथे खूण करा. दुरुस्ती तेवढ्याच ठिकाणी करायची.

प्रश्न: आमच्याबद्दल मराठीत आहेच किती? जे आहे त्यात शेवटी कुणीतरी मरतं. मग वाचायचं काय? (सांगली)

उत्तर: कमी आहे हे खरं. पण कारागिरीसाठी वाचताना प्रत्येक मजकूर 'आमच्याबद्दल' असण्याची गरज नसते. चार भेटींत एक सॅफिक मजकूर आणि तीन इतर, हे प्रमाण आम्हाला ठीक वाटतं. उलटं केलंत तर वर्षभरात साठा संपतो आणि उरलेला वेळ चित्रण बरोबर की चूक या वादात जातो.

शेवट दुःखाचा म्हणून विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' टाळू नका. १९८१ साली रंगमंचावर आलेलं हे नाटक सुमित्राचं, म्हणजे मित्राचं आहे. कॉलेजच्या नाटकात ती पुरुषाची भूमिका करते, नायिका होणाऱ्या नमावर तिचा जीव जडतो आणि शेवट तिच्या आत्महत्येत होतो. पण गोष्ट सांगतो बापू, तिचा मित्र. वाचताना रंगीत पेन्सिलीने एवढंच करा: बापू समोर असताना घडलेल्या प्रसंगांना एक रंग, त्याने ऐकून किंवा अंदाजाने सांगितलेल्यांना दुसरा. मित्रा आणि नमा एकट्या असताना काय घडतं ते बापूला किती दिसतं, हे पाहिलं की नाटकातली पोकळी कुठे आहे ते समजतं. मग गटात प्रत्येकीने एक पान लिहायचं: बापू नसलेला एक प्रसंग, फक्त दोघींचा, संवाद पंधराच्या आत. तेंडुलकरांशी भांडायचं असेल तर या पानावर भांडा.

सातारा जिल्ह्याशी नातं असलेल्या लेखिका म्हणजे सुनीती नामजोशी. १९४१ चा जन्म, आजोळ फलटणच्या निंबाळकर घराण्यातलं, लेखन इंग्रजीत, आणि स्वतःची लेस्बियन ओळख त्यांनी लेखनात उघडपणे मांडली. १९८१ च्या त्यांच्या 'फेमिनिस्ट फेबल्स'मधल्या बोधकथा बहुतेक पानभराच्या आहेत. एका भेटीत तीन आरामात होतात. ओळखीच्या गोष्टीची चौकट तशीच ठेवून त्या कोणती एक गोष्ट बदलतात, ते शोधा. मग आपल्याकडची चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या आणि तसाच एक बदल करून पानभर लिहा. दोन बदल केलेत तर गोष्ट ओळखू येत नाही आणि धार जाते.

निवेदक दोन असले की काय होतं ते पाहायचं तर सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' वाचा. बहीण आणि भाऊ एकाच पुरुषाच्या प्रेमात पडतात आणि दोघं आपापला भाग सांगतात. भावाचा भाग त्या माणसाला उद्देशून, 'तू' म्हणत. मी-तू निवेदनाचा इतका लांब नमुना मराठीत सहज सापडत नाही.

उरलेल्या तीन भेटींना काहीही चालेल. गौरी देशपांडे फलटणजवळच्या विंचुर्णीला राहिल्या होत्या, त्यांच्या नायिका मनातलं बोलणं आणि उघड बोलणं एकाच परिच्छेदात कशी बदलतात, एवढ्यासाठी एक भेट द्या.

प्रश्न: कुणाच्याच घरी जमणं शक्य नाही. कॅफेत मोठ्याने वाचता येत नाही. आणि फोन घरात सगळेच हाताळतात. (वाई)

उत्तर: आधी कायद्याचं, कारण ती भीती उगाच मनात बसलेली असते. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. चार बायकांनी बसून कथा वाचणं तर त्याआधीही गुन्हा नव्हतं. प्रश्न पोलिसांचा नाही, ओळखीच्या माणसांचा आहे, आणि छोट्या गावात तो जास्त जाचक असतो.

जागेसाठी गटाला साधं, खरं नाव द्या. 'कथावाचन गट' म्हणून वाचनालयाच्या सभागृहाची किंवा शाळेच्या रिकाम्या वर्गाची चौकशी करता येते, यात खोटं काही नाही. तुम्हाला वाईहून सोयीचं म्हणजे भिलार. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यालगतचं हे पुस्तकांचं गाव मे २०१७ पासून आहे. घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली असतात आणि बसून वाचणाऱ्या बायकांकडे कुणी वळून बघत नाही. उन्हाळ्याची सुट्टी आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा, पर्यटकांची गर्दी असते. मोठ्याने वाचायचं तेवढं बाहेर, मोकळ्यावर.

फोनचं म्हणाल तर, व्हॉट्सॲपवर त्या गटाला चॅट लॉक लावा आणि मेसेज आपोआप पुसले जाण्याची मुदत सात दिवस ठेवा. 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये घरचा कॉम्प्युटर जोडलेला नाही ना ते प्रत्येकीने आज पाहावं, कारण कुलूप फोनला आणि चॅट उघडं कॉम्प्युटरवर, असं होऊ शकतं. गटाचा फोटो लावू नका. आणि वर्डची फाइल पाठवताना तिच्या माहितीत लेखकाचं नाव आपोआप चिकटलेलं असतं, ते आधी काढा. टोपणनावाने लिहिलेली कथा नेमकी इथे उघडी पडते.

प्रश्न: पुस्तक एकच आहे. स्कॅन करून सगळ्यांना पाठवलं तर? (तासगाव)

उत्तर: अख्खं पुस्तक नको. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. चुगताई १९९१ मध्ये गेल्या, म्हणजे २०५१ अखेरपर्यंत, आणि अनुवादकाचा हक्क वेगळा. अभ्यासासाठी ज्या पानावर चर्चा करायची तेवढ्याची प्रत चालून जाते. पुस्तकाच्या दोन प्रती वर्गणीतून घ्या आणि आठवड्याने फिरवा.

प्रश्न: मागच्या भेटीत आम्ही आमच्याच कथा वाचल्या. एकीला 'हे तुझंच आहे ना?' असं विचारल्यावर ती रडायला लागली, आणि आता येत नाही. (फलटण)

उत्तर: तो प्रश्न नियम म्हणूनच बंद करा. चर्चेत 'तू' म्हणायचं नाही, 'निवेदक' म्हणायचं. 'तू दार लावलंस तिथे' असं म्हणू नका, 'पान दोनवर निवेदक दार लावते तिथे' असं म्हणा. पहिल्या वेळी कृत्रिम वाटेल, तिसऱ्या वेळी सवय होते. जी येत नाही तिला गटाने मिळून नाही, एकीनेच फोन करावा, आणि कथेचा विषय तिने काढला तरच काढावा.

स्वतःच्या कथांची भेट वेगळी ठेवा, दर तिसऱ्या महिन्याला. मजकूर बाराशे ते पंधराशे शब्द, पाच दिवस आधी हातात. लिहिणारीने वरती एक प्रश्न लिहावा: 'शेवट कळतोय का?', 'आई खरी वाटते का?' असा. 'कशी आहे?' हा प्रश्न चालणार नाही. चर्चेची पहिली वीस मिनिटं तिने गप्प बसायचं आणि टिपणं घ्यायची. ती मधे समजावून सांगू लागली की वाचणाऱ्यांना कागदावर काय पोचलं ते कधीच कळणार नाही. सुरुवात प्रत्येकीने आपल्याला लक्षात राहिलेला एक तपशील सांगून करावी. एकही तपशील दोघींना सामाईक आठवला नाही, तर प्रसंगात सगळंच सारख्या वजनाचं लिहिलंय असं समजावं.

कथेत ओळखीची माणसं असतील तर नाव बदलून भागत नाही. फलटणएवढ्या गावात 'पोस्टातली, मारुतीच्या देवळामागची, तीन बहिणींतली मधली' म्हटलं की नाव लागतच नाही. नोकरी, घराची जागा आणि घरातली माणसं, या तिन्हींतल्या किमान दोन बदला. बदलल्यावर कथेची वाक्यंही थोडी बदलावी लागतात, कारण पोस्टातल्या बाईची दुपार आणि शिवणकाम करणारीची दुपार सारखी नसते.

भेट संपली की छापील प्रती लिहिणारीकडे परत द्या, समासातल्या खुणांसकट. एका भेटीत दोनच कथा घ्या. तिसरीच्या वेळेपर्यंत सगळ्या दमलेल्या असतात आणि तिला 'छान आहे'वर भागवलं जातं.